सोबतीलाही शिकावं लागतं!



'मासिकासाठी साहित्य द्या' अशी नोटीस लागली की मराठी विभागात काय काय येणार हे आपल्याला आता पाठ झालं आहे. आईवरची कविता, पहिल्या पावसावरची कविता, 'होस्टेलचे ते दिवस' आणि मेसच्या भाजीवर एक विनोदी लेख. मलाही मेसवरच लिहायचं आहे. पण हा लेख विनोदी नाही, आधीच सांगते.

सेकंड इयरला मला बुलिमिया झाला होता. हा खाण्याचा विकार आहे. म्हणजे भान सुटल्यासारखं भरमसाट खायचं, मग भीतीने आणि शरमेने ते बाहेर काढायचं, तोंड धुवायचं आणि पुन्हा चारचौघींत येऊन हसत बसायचं. वर्षभर माझ्या रूम पार्टनरलाही पत्ता लागला नाही. या आजारात माणूस हाडकुळा दिसतोच असं नाही. मी तर चांगली धट्टीकट्टी दिसत होते. मेसच्या वहीत माझी हजेरी पूर्ण होती. एसटीने आलेला घरचा डबा मी कधी सगळ्यांत वाटून टाकायचे, तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, "किती मोठ्या मनाची गं तू!" नवरात्रात नऊ दिवसांचे उपास धरले तेव्हा तर कौतुकच झालं. तुळजापूर इतकं जवळ असताना उपासाला कोण नावं ठेवणार? उपासाबद्दल माझी तक्रार नाही. माझी आजी आयुष्यभर करत आली आहे. पण तिचा उपास दसऱ्याला सुटायचा. माझा सुटत नव्हता.

(वजनाचे आकडे किंवा मी नेमकं काय काय करत होते, हे या लेखात मुद्दामच लिहिलेलं नाही. का, ते पुढे कळेल.)

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, "हे काय श्रीमंतांचं खूळ काढलंस? आपला जिल्हा दुष्काळी. इथं ज्वारी पिकायची मारामार, आणि म्हणे खाण्याचा आजार!" माझ्या आजोबांचंही हेच मत होतं. त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. रोजगार हमीच्या कामावर मिळणारी सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन त्यांनी घर जगवलं. नात ताटातलं टाकते म्हटल्यावर त्यांना राग आला नसता तरच नवल!

पण एक गोष्ट वाचली आणि मला आजोबांचा राग आणि माझा आजार, दोन्ही थोडे समजले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे शिकण्यासाठी. ही मुलं मनाने पक्की म्हणून निवडलेली होती. पण काही आठवड्यांत त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. कुणी पाककृती जमवू लागला, कुणी ताटलीतल्या घासाशी तासभर खेळू लागला. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा आला. पुढे पोटभर मिळू लागल्यावर काहीजण थांबताच येत नाही असं खात सुटले. म्हणजे भूक डोक्यातही शिरते. मग ती दुष्काळाने आलेली असो, 'डाएट'ने आलेली असो की कुणीतरी 'जाडी' म्हटल्यामुळे आलेली असो. एकदा ती डोक्यात शिरली की 'मनावर घे आणि नीट जेव' हा सल्ला उपयोगाचा नसतो.

आणि हो, बॉइज होस्टेलने इथे पान उलटू नये! जिममध्ये 'कटिंग' चालू आहे म्हणून महिनोन् महिने पोळी-भात बंद, रात्री सगळे झोपल्यावर पार्सलवर तुटून पडणं आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून दोनदा व्यायाम, हे तुमच्या मजल्यावर कुणी करत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

माझा आजार पकडला तो दातांच्या डॉक्टरांनी. सुट्टीत दात ठणकतो म्हणून आईबरोबर गेले. त्यांनी आरशाने मागून दात पाहिले, आईला बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, "बाळा, उलट्या होतात का?" पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं कवच झिजतं, ते त्यांना दिसलं होतं. पुढे वर्षभर सोलापूरला मानसोपचार तज्ज्ञांकडे एसटीने खेपा घातल्या. आई प्रत्येक खेपेला बरोबर होती. मी बरी झाले, आणि मला वाटलं, आता मी दुसऱ्यांना मदत करायला तयार आहे.

इथेच चुकलं. हा लेख त्या चुकीबद्दल आहे.

गेल्या वर्षी एक ज्युनिअर माझ्या रूमवर आली. (तिची परवानगी घेऊन आणि तिची ओळख लपवून लिहिते आहे.) दार लावून म्हणाली, "ताई, तुला पण होतं ना हे? मला सांग ना, तू कशी बरी झालीस?" मला भरून आलं. जे मला कुणी दिलं नाही ते हिला द्यायचं, असं ठरवून मी कामाला लागले. काय काय केलं, ते ऐका.

पहिलं म्हणजे मी तिला माझी सगळी गोष्ट सांगितली. अगदी सगळी, माझ्या वजनाच्या आकड्यासकट. माझा हेतू असा की, बघ, मी एवढ्या खोल जाऊनही वर आले. दुसरं, 'कुणालाच सांगणार नाही' अशी तुळजाभवानीची शपथ घेतली. तिसरं, मेसमध्ये तिच्या समोर बसून तिच्या ताटावर नजर ठेवू लागले. एक पोळी खाल्ली की दुसरी वाढायची. आणि चौथं, एक दिवस तिचा चेहरा जरा टवटवीत दिसला म्हणून सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कशी छान भरलीस!" त्यानंतर ती दोन दिवस मेसला आलीच नाही.

महिन्याभरात प्रॅक्टिकल चालू असताना ती कोसळली. दवाखान्यात रक्त तपासलं तर पोटॅशियम फार खाली गेलेलं. वारंवार उलट्या झाल्या की असं होतं, आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "हे कुणाला माहीत होतं?" तिचे वडील गावाहून यायचे होते. रेक्टर मॅडम गोंधळलेल्या. मी तिथेच उभी होते, आणि माझ्या शपथेसह गप्प उभी होते. बोलायला मला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही.

ती वाचली. एक वर्ष मागे पडलं, पण आता घरी राहून उपचार घेते आहे. परवा फोनवर मोकळेपणाने म्हणाली, "ताई, तू आकडा सांगितलास ना, तेव्हा मला वाटलं, मी तर हिच्याइतकी आजारी नाही. आधी तिथंपर्यंत पोचते, मग बरं व्हायचं बघू." मी तिला शिडी दाखवत होते, आणि तिला त्यात फक्त खालची पायरी दिसली होती. त्या दिवसांत माझाही जुना आजार पुन्हा डोकं वर काढायला लागला होता, तोही मी कुणाला सांगितला नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे : ज्याने भोगलं आहे त्याला दुसऱ्याचं दुःख कळतं, हे खरं. पण कळणं वेगळं आणि मदत करता येणं वेगळं. अनुभव ही सोबत्याची पात्रता आहे, त्याचं शिक्षण नाही. ते शिक्षण द्यावं लागतं. आपण इंजिनीअरिंगवाले आहोत, आपल्याला हे सांगायला नको. वर्कशॉपमध्ये लेथला हात लावण्याआधी सुरक्षेचे नियम शिकवतात. बाही गुंडाळा, ओढणी बांधा, चकची चावी चकमध्ये विसरू नका. 'माझं बोट एकदा कापलं होतं, म्हणून मला लेथ चालवता येतो' असं कुणी म्हणालं तर सर काय म्हणतील?

स्वतः त्या वाटेने गेलेल्या माणसाला तयार करून दुसऱ्यासाठी उभं करायचं, ही कल्पना नवी नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथले कितीतरी कार्यकर्ते एके काळी तिथेच उपचारासाठी आले होते. पण काल दारू सुटली आणि आज समुपदेशक झाला, असं तिथे होत नाही. आधी स्वतः टिकायचं, मग जबाबदारी घ्यायची, तीही जाणत्यांच्या देखरेखीखाली. व्यसनमुक्तीवाल्यांचे स्वमदत गट, मानसिक आजारांतल्या 'शुभार्थीं'चे आणि त्यांना सांभाळणाऱ्या 'शुभंकरां'चे गट, हे सगळं मराठी मुलखात आहे. मात्र खाण्याच्या विकारात एक जास्तीची अडचण आहे. दारू कायमची सोडता येते. अन्न सोडता येत नाही! ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर दिवसातून तीनदा बसावं लागतं. म्हणून इथल्या सोबत्याचं प्रशिक्षणही थोडं वेगळं हवं.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचंच. नळदुर्गच्या पुढे अणदूर आहे. तिथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या साध्या, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. सरकारच्या 'आशा' ताई येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. गावातल्या बाईला गावातलीच बाई जवळची वाटते, हे तर उघड आहे. पण ती नुसती जवळची असून भागत नाही. आपण काय करायचं आणि कुठे थांबून डॉक्टरकडे पाठवायचं, हे तिला शिकवलेलं असावं लागतं. माझ्याकडे जवळीक होती, ती थांबायची रेघ नव्हती.

तिसरं उदाहरण गोव्याचं. 'संगत' या संस्थेने तिथल्या आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर मुलींना दोन महिने शिकवून समुपदेशक केलं. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत या पद्धतीने जास्त रुग्ण बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र तेवढा फरक पडला नाही. पुढच्या कामात हे साधे समुपदेशक एकमेकांच्या बैठकींचं रेकॉर्डिंग ऐकून कुठे चुकलं, कुठे जमलं याचे गुण द्यायचे. नैराश्य आणि खाण्याचे विकार एक नाहीत, हे मला मान्य आहे. पण सामान्य माणूस शिकू शकतो, आणि शिकल्यानंतरही त्याच्या कामावर कुणाची तरी नजर लागते, या दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत.

मग सोबत्याला शिकवायचं काय? माझ्या चुकांवरूनच यादी करते.

१) ऐकणं. समोरचा बोलतो तेव्हा आपलं उत्तर तयार न करता ऐकणं. हे सोपं वाटतं, पण एकदा जोडीने सराव करून बघा. मॉक इंटरव्ह्यू घेतो तसाच सराव इथेही घ्यावा लागतो.

२) आपली गोष्ट किती सांगायची. आकडे नाहीत, युक्त्या नाहीत. सांगायचं ते हे, की मी मदत कशी मागितली, पहिल्यांदा कुणाला सांगितलं, बरं होताना कोणता दिवस जड गेला. आणि तेही समोरच्याला उपयोग असेल तरच, आपलं मन हलकं करायला नाही.

३) शरीराबद्दल न बोलणं. 'बारीक झालीस' नाही आणि 'भरलीस' पण नाही. आपल्याकडे गावी गेलं की पहिलं वाक्य तब्येतीवरच असतं, त्यामुळे ही सवय मोडायला वेळ लागतो. त्याऐवजी 'झोप लागते का गं?', 'आज जर्नल पूर्ण झालं का?' असं विचारता येतं.

४) ताटावर पहारा न ठेवणं. सोबत जेवायचं, गप्पा मारायच्या, पण पोळ्या मोजायच्या नाहीत. सोबती म्हणजे मेसचा इन्स्पेक्टर नव्हे, आणि रेक्टरचा खबऱ्याही नव्हे.

५) गुपिताची हद्द. पहिल्याच भेटीत सांगायचं, "तुझं बोलणं माझ्याजवळच राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी मोठ्यांना सांगेन, आणि तुला सांगूनच सांगेन." शपथा घ्यायच्या नाहीत.

६) धोक्याच्या खुणा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, अन्नपाणी बंद होणं, जीव नकोसा झाल्याची भाषा. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. आणि बराच काळ उपाशी असलेल्याला प्रेमाने एकदम पोटभर खाऊ घालायचं नाही! अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट अचानक उतरून जीव धोक्यात येतो. महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांत हे पाहिलं गेलं होतं. किती आणि कसं खायचं हे डॉक्टर ठरवतील. सोबती उपचार करत नाही, उपचारापर्यंत सोबत करतो.

७) स्वतःला सांभाळणं. सोबत्यालाही आठवड्यातून एकदा बोलायला कुणीतरी हवं. आणि आपला आजार परत आला तर 'मी सध्या थांबते' असं म्हणता आलं पाहिजे, त्यात कमीपणा नाही. मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, "समुपदेशक नेमला की झालं, ही मुलांची कामं कशाला?" समुपदेशक हवाच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असं स्पष्ट सांगितलं आहे. पण समुपदेशकाच्या दारापर्यंत जायला पाय उचलत नाहीत, तिथे सोबती लागतो. ती ज्युनिअर माझ्याकडे आली, कारण मी त्याच मेसमध्ये जेवते.

दुसरा आक्षेप, "मुलांवर हा भार टाकायचा?" हा मला जास्त पटतो. म्हणूनच मी म्हणते, हे काम फुकटची समाजसेवा म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका. भार आजही मुलांवरच आहे. रात्री दोन वाजता दार कुणाचं वाजतं? शेजारच्या रूमचंच ना! फरक एवढाच, की आज तो शिकवल्याविना आहे आणि एकटीने पेलायचा आहे.

म्हणून प्राचार्य सर, रेक्टर सर आणि मॅडम, माझी मागणी फार मोठी नाही. दोन्ही होस्टेलमधून स्वखुशीने पुढे आलेले चार-चार विद्यार्थी घ्या. ज्यांनी हा किंवा असा आजार भोगला आहे, त्यांना बरं होऊन किमान वर्ष झालेलं असावं आणि त्यांच्या डॉक्टरांची हरकत नसावी. दोन महिने दर रविवारी दोन तास प्रशिक्षण ठेवा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला पत्र देऊन तिथल्या तज्ज्ञांना बोलवा. पुढे दर आठवड्याला एक बैठक अशा शिक्षकांबरोबर व्हावी, ज्यांच्या हातात आमच्या टर्मवर्कचे मार्क नाहीत! प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र द्या, एनएसएसच्या तासांत धरा. मेसच्या मावशींनाही एका रविवारी बोलवा. कोण जेवत नाही हे त्यांना आपल्या सगळ्यांच्या आधी कळतं.

आणि हे वाचताना ज्याच्या किंवा जिच्या पोटात गोळा आला असेल त्यांच्यासाठी : १४४१६ हा सरकारच्या 'टेलि-मानस'चा फोन नंबर आहे. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी बरी झाले आहे. रोज सोपं जातं असं नाही, पण बरी झाले आहे.

पुढच्या टर्मला ती ज्युनिअर परत येणार आहे. तिची जागा शिल्लक आहे, रूमही तीच. परवा विचारत होती, "ताई, माझ्यासोबत मेसला येशील ना?" येईन म्हटलं. या खेपेला मात्र मला आधी शिकवा. माझी फायनल इयरची एकच टर्म उरली आहे. त्यानंतर तिच्या शेजारी जी कुणी बसेल, तिलाही शिकवा.

— एक विद्यार्थिनी, अंतिम वर्ष